हिमयुगावर संशोधन करायचंय, पण खानापुरात बर्फ कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर खानापूर तालुक्यात, भातशेती, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता धारवाडला बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय भूविज्ञान आणि रसायनशास्त्र. हिमयुगांबद्दल वाचलं आणि यातच संशोधन करायचं असं मनाने घेतलं. पण ओळखीतले लोक सांगतात, आपल्याकडे बर्फ कुठला, त्यासाठी हिमालयात नाहीतर परदेशात जावं लागेल. घरचे म्हणतात, एम.एस्सी. झाली की बी.एड. कर आणि कुठल्यातरी हायस्कूलला चिकट. तर या विषयात आयुष्य काढता येतं का?

मीही याच पट्ट्यातला. नोकरीची बहुतेक वर्षं नद्यांच्या आणि समुद्रतळाच्या गाळावर घालवली, आता निवृत्त आहे. आयुष्य काढता येतं. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे उत्तर अवघड वाटतंय. हिमयुगाच्या खुणा नेमक्या कुठे असतात, हा एक. पक्की नोकरी लागेपर्यंत तुमचं घर किती वर्षं थांबू शकतं, हा दुसरा. पहिल्याबद्दल मी ठामपणे बोलू शकतो. दुसरा तुमच्या परिस्थितीवर आहे, तिथे मी फक्त हिशेब समोर ठेवीन.

शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे २१,००० वर्षांपूर्वी होता. कॅनडा आणि उत्तर युरोपवर तेव्हा किलोमीटर-दोन किलोमीटर, काही ठिकाणी त्याहूनही जाड बर्फ होता. एवढं पाणी समुद्रातूनच उचललं गेलं होतं, त्यामुळे जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कारवारसमोरचा तेव्हाचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून पुष्कळ पश्चिमेला होता. आज जिथे मासेमारी चालते तिथला बराच भाग कोरडी जमीन होती. सह्याद्रीवर मात्र बर्फ नव्हता. आपल्या भागात हिमयुगाने जो बदल घडवला तो पावसात. म्हणून आपल्याकडे या विषयातला माणूस शेवटी मोसमी पावसाचाच इतिहास शोधत असतो, मग तो स्वतःला काहीही म्हणवून घेवो.

हा इतिहास बराचसा समुद्रात आहे. अरबी समुद्राच्या पश्चिम भागात नैऋत्य वारे जोरात वाहिले की खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, आणि त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स नावाचा सूक्ष्मजीव फोफावतो. त्याची चुन्याची कवचं तळाशी साचतात. तळाच्या गाळात पोकळ नळी घुसवून काढलेला गाभा, ज्याला आम्ही कोअर म्हणतो, थराथराने तपासला की कुठल्या काळात वारे जोरात होते आणि कुठल्या काळात मंद, ते कळतं. अशा कोअरांवरून एवढं पुरेसं पक्कं झालं आहे की हिमयुगाच्या कडाक्यात नैऋत्य मोसमी वारे दुबळे होते, आणि पुढे होलोसीनच्या, म्हणजे हिमयुग संपल्यानंतरच्या आजच्या उबदार काळाच्या, सुरुवातीच्या काही हजार वर्षांत ते आजच्यापेक्षाही बळकट होते. कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे. कक्षेच्या सापेक्ष आसाची दिशा सुमारे २३,००० वर्षांच्या, आसाचा कल ४१,००० वर्षांच्या आणि कक्षेचा लांबटपणा सुमारे १ लाख वर्षांच्या चक्रात बदलतो, त्याप्रमाणे उन्हाळ्यातलं ऊन कमी-जास्त होतं. मिलुटिन मिलँकोविच या सर्बियन गणितज्ञाने हे हिशेब मांडले, पण त्याचा भक्कम पुरावा १९७६ साली जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकलटन यांनी दिला. तो पुरावा त्यांना हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून काढलेल्या गाळात सापडला. हिमयुगांच्या अभ्यासातला इतका मोठा निकाल चिखलातून आला आहे, हे तुमच्या ओळखीतल्यांना सांगायला हरकत नाही.

जवळच्या गोष्टीही कमी नाहीत. कारवारसमोरच्या समुद्रातून काढलेल्या गाळातले परागकण मोजून १९९४ साली संशोधकांनी दाखवलं की सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून इथलं हवामान कोरडं होत गेलं. खारफुटीचे परागकण कमी झाले, हा त्यातला एक मुख्य धागा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अकलगवीच्या गुहेत चुन्याचा एक स्तंभ मिळाला, तो अवघा ३३१ वर्षांचा, पण त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी पावसाचे चढउतार काढले. निलगिरीतल्या दलदलीच्या गाळात कार्बनच्या समस्थानिकांवरून जंगल कधी वाढलं आणि गवत कधी पसरलं, हे २०,००० वर्षांपर्यंत मागे जाऊन वाचता आलं. यातलं एकही ठिकाण बर्फाचं नाही.

बर्फच हवा असेल तर तोही घाटाखाली आहे. वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही स्थानकं चालवतं आणि तिथे बर्फाच्या कोअरांवर काम होतं. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे रेल्वेने वास्को गाठणं खानापूरकरांना बेंगळुरूपेक्षा जवळचं. आणि त्याहून जुनं हिमयुग पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ जा. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवना या दक्षिणेकडच्या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ. तेव्हाच्या हिमनद्यांनी ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे तिथल्या चुनखडकावर अजून दिसतात. ते हिमयुग वेगळं, त्याचे प्रश्न वेगळे. पण ते ओरखडे एकदा हात लावून पाहण्यासारखे आहेत.

आता तुमच्या दाराशी काय आहे ते बघू. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तीच नदी सौंदत्तीला पोचते तेव्हा पाऊस ५००-६०० मिलिमीटरवर आलेला असतो, आणि ही दोन ठिकाणं सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा दूर नाहीत. एकाच नदीने घनदाट जंगल आणि जोंधळ्याचं शिवार दोन्ही पाहिलेलं असणं ही आमच्या कामात मोठी सोय असते. मोसमी पाऊस थोडा जरी सरकला तरी अशा काठावरच्या खोऱ्यात त्याचा परिणाम आधी दिसतो. रॉबर्ट ब्रूस फूट या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या माणसाने एकोणिसाव्या शतकात हा सगळा मुलूख पायाखाली घातला. १८६३ साली चेन्नईजवळ पल्लावरमला दगडी हत्यार ओळखणारा हाच तो फूट. मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठांवरही त्याला अश्मयुगीन हत्यारं मिळाली. पुढे डेक्कन कॉलेजच्या आर. व्ही. जोशींनी मलप्रभेच्या खोऱ्याचा अभ्यास केला, तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. रामदुर्गच्या पुढे बदामी तालुक्यात ख्याडच्या आसपास गोट्यांचे आणि गाळाचे थर त्यांनी एकावर एक लावून दाखवले.

या थरांचा अर्थ लावणं हे खरं काम. डेक्कन कॉलेजात शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरा, मुळा-मुठा, भीमा यांच्या गाळावर वर्षानुवर्षं काम करून असं मांडलं की हिमयुगाच्या कोरड्या काळात नद्यांना गाळ पुढे ढकलण्याएवढं पाणी राहिलं नाही, तो पात्रात आणि काठावर साचत गेला. मग मोसमी पाऊस पुन्हा बळावला तेव्हा त्याच नद्यांनी आपलाच गाळ खोदला. आज ज्या उंच दरडी दिसतात त्या अशा उघड्या पडल्या. गाळातले चुनखडीचे खडे कोरड्या हवामानाची साक्ष देतात. मलप्रभेला हे जसंच्या तसं लागू पडतं का? वरचा भाग इतका पावसाळी असल्यामुळे मला शंका आहे. तिथे काम करायला जागा आहे असं मी म्हणतो ते याचसाठी.

आता ज्यावर माझे विद्यार्थी सर्वांत जास्त वैतागायचे ती गोष्ट. सगळे येताना प्रश्न घेऊन येतात: "हिमयुगात इथे पाऊस किती टक्के कमी होता?" मी त्यांना उलट्या बाजूने चालायला लावायचो. आधी नोंद शोधा, म्हणजे कुठला गाळ, कुठली गुहा, कुठलं तळं. मग त्या नोंदीला घड्याळ कुठलं बसतं ते पाहा. प्रश्न सर्वांत शेवटी, आणि तोही त्या नोंदीला झेपेल असा. नदीच्या गोट्यांना टक्केवारी विचारून उपयोग नाही. एका पुराने हजारो वर्षांचा थर धुऊन नेलेला असू शकतो. पण नदी कधी साचवत होती आणि कधी खोदत होती, हे ती सांगू शकते. परागकण हवेत तर सतत ओली राहिलेली, हवा न लागलेली माती लागते. आपल्या काळ्या रानात ती आळीपाळीने भिजते, वाळते, भेगाळते, त्यात परागकण सडून जातात. आणि आपल्याकडची बहुतेक तळी माणसाने बांधलेली आहेत, त्यांच्या गाळात हिमयुग सापडणार नाही.

घड्याळाचं तर विचारूच नका. रेडिओकार्बन सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणून ते सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच चालतं, आणि त्याला कोळसा, लाकूड असं काही सेंद्रिय लागतं. आपल्या नदीगाळात कोळसा दुर्मीळ. शंख-शिंपल्यांत खडकातला जुना कार्बन मिसळलेला असतो, वय उगाच मोठं येतं. म्हणून नदीगाळाला आम्ही बहुतेकदा ल्युमिनेसन्स वापरतो. वाळूचा कण गाडला गेला की आसपासच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्साराने त्याच्या स्फटिकात ऊर्जा साठत जाते, उजेड लागला की ती निघून जाते. प्रयोगशाळेत कणावर प्रकाश टाकून ती मोजली की शेवटचा उजेड कधी पाहिला ते निघतं. म्हणून दरडीचा वरचा भाग तासून आतल्या ताज्या गाळात लोखंडी पाइप ठोकायचा, दोन्ही तोंडं बंद करायची, काळ्या कापडात गुंडाळायचा आणि तो प्रयोगशाळेत मंद लाल दिव्यातच उघडायचा.

यासाठी सर्वांत सोयीचा कण क्वार्ट्झचा. आणि इथेच आपल्या जिल्ह्याचा भूगोल कामाला येतो. निपाणी-चिकोडीकडच्या वेदगंगा-दूधगंगा काळवत्रीच्या, म्हणजे बेसाल्ट खडकाच्या, मुलखातून येतात. काळवत्रीत मूळचं क्वार्ट्झ जवळजवळ नसतं, तिथल्या गाळात ते वेचताना जीव मेटाकुटीला येतो, मग फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाकडे वळावं लागतं आणि त्याच्या वेगळ्या कटकटी असतात. मलप्रभेचं तसं नाही. खानापूरकडचे धारवाडी खडक आणि पुढे कलादगीचे वालुकाश्म-क्वार्ट्झाइट यांच्यामुळे तिच्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला नदी ज्या टेकड्या फोडून जाते त्या क्वार्ट्झाइटच्याच. शेजारच्या दोन खोऱ्यांपैकी कुठलं निवडायचं हे अशा गोष्टीवर ठरतं, नकाशावर कुठलं छान दिसतं यावर नाही. घड्याळ चुकलं तर काय होतं हे पाहायचं असेल तर पुणे जिल्ह्यात कुकडीकाठच्या बोरीच्या ज्वालामुखीय राखेचा वाद वाचा. एकाच थराला कुणी ७४,००० वर्षांपूर्वीच्या इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची राख म्हणतं, कुणी तिचं वय साडेसहा ते आठ लाख वर्षांपर्यंत नेतं.

म्हणजे इथवर काय झालं: विषयासाठी गाव सोडून बर्फाकडे पळायची गरज नाही, प्रयोगशाळेसाठी मात्र गाव सोडावंच लागेल. ल्युमिनेसन्स, समस्थानिक मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर, कार्बन मोजणारं यंत्र यांतलं काहीच बेळगावात तुम्हाला मिळणार नाही. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, डेहराडूनची वाडिया संस्था, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र, पुण्यात परागकणांसाठी आघारकर संस्था आणि उष्णदेशीय हवामान संस्था, ही ती ठिकाणं. यांतल्या कुठे जायचं हे संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकावर ठरवा. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत, हे आधी शोधा. यंत्र कागदावर असणं आणि चालू असणं यात फरक असतो, तोही त्याच विद्यार्थ्यांकडून कळतो.

तुमचं रसायनशास्त्र ही जमेची बाजू आहे, ते सोडू नका. या क्षेत्रात फक्त भूविज्ञान घेऊन आलेली मुलं समस्थानिकांपाशी अडखळतात. बाहेर जाऊन नमुने गोळा करायच्या कामाचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण वर्षातले थोडे आठवडे बाहेर आणि उरलेलं वर्ष आत असा हा धंदा आहे. आम्लात धुणं, चाळणं, सूक्ष्मदर्शकाखाली कवचं मोजणं, मशीनसाठी नंबर लावून थांबणं. तीनशे कवचं मोजून झाल्यावर चारशेव्यापर्यंत जायचा कंटाळा येत नसेल तर तुम्ही या कामाचे. हिमयुगाबद्दलच्या ओढीपेक्षा मी विद्यार्थ्यात हेच पाहायचो.

मराठी माध्यमाची काळजी करताय, ती निम्मी अनाठायी आहे. वाचायला इंग्रजी एक-दोन वर्षांत बसतं. लिहायला वेळ लागतो, त्यासाठी दर आठवड्याला एका शोधनिबंधाचा अर्ध्या पानाचा सारांश स्वतःच्या इंग्रजीत लिहायची सवय आतापासून लावा. कन्नड चांगलं येत असेल तर तो मोठा फायदा समजा. रामदुर्ग-बदामीकडे एखाद्याच्या मळ्यातल्या दरडीत पाइप ठोकायची परवानगी इंग्रजीत मिळत नाही. "काय सोनं-बिनं हाय काय हितं?" हा प्रश्न दोन्ही भाषांत येतो, आणि त्याला चहा घेत शांतपणे उत्तर द्यावं लागतं.

आता घरच्यांचा प्रश्न. एम.एस्सी.ची दोन वर्षं. मग सीएसआयआर-यूजीसी नेटचा पृथ्वीविज्ञानाचा पेपर. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ते ४२,००० होतं. पीएच.डी. धरा पाच-सहा वर्षं, त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन. म्हणजे पक्की नोकरी लागली तर तिशी ओलांडल्यावर, आणि जागा थोड्या असतात. फेलोशिपचे पैसे कधी उशिरा येतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांची शिल्लक हाताशी लागते. धाकट्या भावंडांचं शिक्षण तुमच्या पगारावर अवलंबून असेल तर हा हिशेब वेगळा होतो, आणि तो तुम्हीच करायचा.

मधला एक रस्ता आहे, तो घरच्यांना पटण्यासारखा आहे. यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. भूविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर ३२ वर्षांपर्यंत देता येते, वयाच्या सवलती वेगळ्या. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात वर्ग एकची नोकरी मिळते, फूटची संस्था तीच. तिथे हिमनद्यांवर आणि चतुर्थ कल्पातल्या, म्हणजे हिमयुगांच्या अलीकडच्या काळातल्या, गाळावरही काम चालतं. फक्त कुठल्या विभागात टाकतील हे तुमच्या हातात नाही, काही वर्षं खनिजांच्या मागे फिरावं लागेल. मला विचाराल तर नेट आणि ही परीक्षा दोन्हींची तयारी एकत्र करा, अभ्यासक्रम बराचसा सारखा आहे. बी.एड. पुढेही करता येतं, त्याची घाई नको.

एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा भूविज्ञानात द्याच, ती देशपातळीवरची असल्यामुळे कर्नाटकाचे की महाराष्ट्राचे हा प्रश्न येत नाही. मुंबई, खरगपूर, रूरकी इथे चांगले विभाग आहेत. नाही जमलं तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे, गोवा विद्यापीठ आणि पुणे विद्यापीठही आहेत. तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांना वेगळी तरतूद असते. तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे माहितीपत्रकात पाहून घ्या, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

आणि परीक्षेची वाट न पाहता एक काम या उन्हाळ्यात करा. पाणी कमी असताना मलप्रभेची एखादी चांगली दरड निवडा. टेप लावून खालून वरपर्यंत प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार, चुनखडीचे खडे आहेत का, गोटे कुठल्या दिशेला कललेत, हे सगळं आलेख-कागदावर मापात उतरवा. गोटे कुठल्या खडकाचे तेही. दरड पोखरलेली असेल तर पायथ्याशी उभं राहू नका, आणि हत्यारासारखा दगड दिसला तर उचलून घरी नेऊ नका, जागेवरच फोटो काढा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, पुढच्या फेरीला तिच्या अर्जासोबत हे काम मांडता येईल. ज्या प्रयोगशाळेत जायचंय तिथल्या शास्त्रज्ञालाही हाच आलेख पाठवा. पत्र अर्ध्या पानापेक्षा मोठं नको: कोण, कुठली दरड, काय दिसलं, काय कळलं नाही. गुणपत्रिका शेवटी जोडा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा आणि मग पुढच्या नावाकडे वळा.